धान्याचे भाव आणि गरिबाचें घर



समितीच्या चालकांनीं आज बोलण्यासाठीं मला जो विषय नेमून दिला, तो वर्गणीच्या सभेंत सहसा निघत नाहीं. अशा सभेंत पीडितांचे हाल वर्णावे, दात्यांच्या अंतःकरणास पाझर फोडावा आणि मग झोळी पुढें करावी, असा परिपाठ पडून गेला आहे. ते हाल आपण माझ्याहून जवळून पाहतां. सोयाबीनच्या राशीवर आणि अडतीच्या ओट्यावर ते आपल्यासमोर येऊन उभे राहतात. मला बोलावयाचें आहे तें भावाविषयीं. भाव हा शब्द येथें जमलेल्या मंडळींच्या तोंडीं दिवसांतून शंभर वेळां येतो. परंतु भावाचें धोरण, म्हणजे सरकारनें कोणत्या मालास कोणता हमीभाव बांधावा, कोणतें धान्य किती दरानें गरिबांस द्यावें, कोणत्या मालाची आयात खुली ठेवावी व निर्यात केव्हां बंद करावी, ह्या गोष्टी दिल्ली-मुंबईच्या आहेत, त्यांच्याशीं आपला काय संबंध, असें आपण समजतों. माझें म्हणणें असें कीं, शिरूर अनंतपाळच्या मजुराच्या चुलीवर तवा चढतो कीं नाहीं, हें पावसाइतकेंच ह्या गोष्टींवर ठरतें.

दुष्काळ म्हणजे धान्याचा तुटवडा, हा समज फार जुना आहे आणि तो अर्धाच खरा आहे. १९४३ सालीं बंगालमध्यें सुमारें ३० लक्ष माणसें दुष्काळांत व त्यामागोमाग आलेल्या रोगराईंत मेलीं. त्या सालीं बंगालांत धान्य मुळींच नव्हतें असें नाहीं. तांदळाचा भाव थोड्या महिन्यांत शेतमजूर, कोळी, नावाडी ह्यांच्या मिळकतीच्या आवांक्याबाहेर गेला, आणि ज्यांच्या हातीं पैसा नव्हता तीं माणसें कलकत्त्याच्या रस्त्याला लागलीं. श्री. अमर्त्य सेन ह्यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हीच गोष्ट आंकड्यांनिशीं मांडली: धान्य असणें निराळें आणि तें मिळविण्याची शक्ति माणसाच्या अंगीं असणें निराळें. आपल्या दख्खनेंत १८७६ ते १८७८ ह्या वर्षांत हेंच घडलें होतें. लॉर्ड लिटन ह्यांच्या सरकारनें धान्याच्या भावांत हात घालावयाचा नाहीं असें ठरविलें. आणि दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी सर रिचर्ड टेंपल ह्यांनीं दिवसास १ पौंड धान्य व वर थोडे पैसे इतकी खालीं आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्याविरुद्ध अर्ज केले, कामावरील मजुरांनीं कामें सोडलीं. आपला हा मुलूख तेव्हां निजामाच्या अमलाखालीं असल्यामुळें तो हिशेब आपणांस थेट लागला नाहीं, परंतु भाव राज्याच्या सीमा पाहत नाहींत.

त्या संकटांतून सरकार एक गोष्ट शिकलें, आणि ती मी येथें मुद्दाम सांगून ठेवतों, कारण पुढें तिच्याकडे परत यावें लागणार आहे. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर फॅमिन कोड म्हणून जे नियम प्रांतोप्रांतीं झाले, त्यांत मजुरी पैशांत न मोजतां धान्यांत मोजली जाई. अमुक काम करणाऱ्या माणसास अमुक इतकें धान्य विकत घेतां येईल एवढे पैसे, असा तो हिशेब होता. भाव चढला कीं मजुरी चढे, उतरला कीं उतरे. मजुरी तुटपुंजी होती, देणारे हात कडक होते, हें सर्व कबूल. परंतु पैसा हें माप नव्हे, धान्य हें माप होय, एवढी अक्कल त्या परक्या सरकारासही आली होती.

आतां आपल्या गांवाकडे येतों. शिरूर अनंतपाळ पूर्वीं निलंग्याबरोबर होतें. १९५६ पर्यंत निलंगा बिदर जिल्ह्यांत, मग उस्मानाबादेंत, १९८२ पासून लातुरांत. आणि १९९९ पासून शिरूर हा स्वतंत्र तालुका आहे. इतके जिल्हे बदलले, पण शेतकऱ्याच्या घराचा हिशेब त्याहून अधिक बदलला आहे. ज्या रानांत जोंधळा, तूर, करडई, उडीद, मूग हीं घरखर्चाचीं पिकें मिश्र घेत, त्या रानांत आतां मुख्यतः सोयाबीन आणि त्याच्या ओळींत तूर आहे. सोयाबीन हें विकण्याचें पीक आहे, खाण्याचें नव्हे. म्हणजे ज्याच्या घरीं बळद होतें त्याच्या घरीं आतां पिशवी आहे. तो दिवाळीच्या सुमारास विकतो आणि वर्षभर विकत घेतो. चार एकरांचा धनी अडतीवर विक्रेता म्हणून येतो आणि महिन्याच्या शेवटीं किराण्याच्या दुकानीं गिऱ्हाईक म्हणून उभा राहतो. शेतकऱ्याचें हित एकीकडे व खाणाऱ्याचें हित दुसरीकडे अशी जी वांटणी वर्तमानपत्रांतून केली जाते, ती निदान आमच्या तालुक्यांतील लहान कुटुंबांस लागू पडत नाहीं. तीं दोन माणसें एकाच छपराखालीं राहतात, आणि बहुधा तें एकच माणूस असतें.

मजुरांचेंही तसेंच झालें. जोंधळ्याची काढणी धान्यावर होई. काढणाऱ्या बायका संध्याकाळीं पदरांत कणसें घेऊन घरीं जात. सालगड्यास सालाच्या बोलींत रोख रकमेबरोबर जोंधळ्याचीं पोतीं असत. ह्या पद्धतींत पिळवणूक नव्हती असें मी म्हणणार नाहीं. सवाई-दिढीनें दिलेलें धान्य फेडतांना पिढ्या गेल्या आहेत. परंतु धान्यावर काम करणाऱ्याला बाजारभाव चढल्याची झळ लागत नसे. आतां सोयाबीनची काढणी गुत्त्यानें होते, बॅगेमागें इतके रुपये असा दर ठरतो, आणि ते रुपये हातीं पडतात त्या दिवशीं त्यांची किंमत किती हें दुकानदाराच्या तराजूवर कळतें. गुत्त्याचे दिवस आश्विन-कार्तिकांतले. भूक मोठी होते ती आषाढ-श्रावणांत.

अशा ठिकाणीं सरकारचें भावधोरण काय करतें, ह्याचीं तीन उदाहरणें घेतों.

पहिलें तुरीचें. ह्या सभेंत लातूरच्या बाजाराशीं व्यवहार ठेवणारे गृहस्थ पुष्कळ आहेत, तेव्हां तपशिलाची चूक आपण मला करूं देणार नाहीं. लागोपाठच्या अवर्षणानें तूर घटली आणि २०१५ च्या ऑक्टोबरांत तुरीची डाळ किरकोळ बाजारांत किलोस २०० रुपयांपर्यंत गेली. साठ्यावर मर्यादा आल्या, धाडी पडल्या. पुढील जुलैंत मोझांबिकशीं डाळींच्या आयातीचा करार झाला. भाव पाहून शेतकऱ्यानें जून २०१६ मध्यें तूर पेरली. पाऊस चांगला झाला. देशाचें तुरीचें उत्पन्न २५ लक्ष टनांच्या आसपास होतें तें ४८ लक्ष टनांच्या वर गेलें. हमीभाव बोनस धरून क्विंटलास ५,०५० रुपये जाहीर होता. बाजार त्याच्या पुष्कळ खालीं बसला. २०१७ च्या एप्रिलांत खरेदी बंद करण्याची तारीख आली तेव्हां केंद्रांपुढें तुरीच्या गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या, बारदाना नव्हता, गोदामांत जागा नव्हती. आणि तूर परदेशीं पाठविण्यावर २००६ पासून जी बंदी होती ती उठली २०१७ च्या सप्टेंबरांत. लहान शेतकऱ्याची तूर तोंवर केव्हांच विकून झाली होती.

ह्यांत दोष कोणाचा हें मी शोधीत बसत नाहीं. मला दाखवावयाचें आहे तें इतकेंच कीं, दोन वर्षांच्या आंत हें धोरण एकाच घराला दोनदां लागलें. डाळ दोनशें झाली त्या वर्षीं त्या घरीं विकायला तूर नव्हती, म्हणून वरण गेलें. तूर घरभर झाली त्या वर्षीं भाव नव्हता, म्हणून पैसा गेला. डाळ ही गरिबाच्या ताटांतील एकुलती एक पौष्टिक वस्तु. ती महागली कीं तो ओरडत नाहीं, वरणांत पाणी वाढवितो, मग चटणीवर येतो. हा बदल कोणत्याही सरकारी तक्त्यांत दिसत नाहीं. मुलांच्या दंडांवर दिसतो.

दुसरें उदाहरण तेलाचें. सोयाबीनला २०२४-२५ च्या हंगामासाठीं क्विंटलास ४,८९२ रुपये हमीभाव होता आणि बाजारांत तो मिळत नव्हता. शेतकऱ्याला आधार म्हणून १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयातकर शून्यावरून शेंकडा २० करण्यांत आला. हेतु चांगला. तेल महागलें, सोयाबीनचा भाव मात्र त्या हंगामांत हमीभावाखालींच राहिला. पुढें ३० मे २०२५ रोजीं, खाणाऱ्यांच्या सोयीसाठीं, तो कर शेंकडा १० वर आणला. म्हणजे आमच्या चार एकरवाल्यानें सोयाबीन स्वस्त विकलें आणि तेल महाग घेतलें, तीं दोन्ही एकाच महिन्यांत. त्या सालानंतरच्या सप्टेंबरांत, २०२५ सालीं, मराठवाड्यावर जी अतिवृष्टि झाली तिनें उभें सोयाबीन पाण्यांत घातलें. तेव्हां हमीभाव किती ह्या प्रश्नालाच अर्थ उरला नाहीं. विकावयास माल असेल तरच भावाचा आधार. ज्याचें पीक बुडालें आणि ज्याला जमीनच नाहीं, त्या दोघांना हमीभावाचा कांहीं उपयोग नाहीं. त्यांना आधार हवा तो विकत घेण्याच्या भावाचा.

आणि येथेंच तिसरें उदाहरण येतें, तें रास्त भावाच्या दुकानाचें. ह्याविषयीं मी थोडें सविस्तर बोलणार आहें.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें माणशीं दरमहा ५ किलो धान्याचा हक्क दिला: तांदूळ ३ रुपये, गहूं २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो. अंत्योदयाच्या कुटुंबास ३५ किलो. महाराष्ट्रांत तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. कायद्यांत भरडधान्य लिहिलें होतें खरें, पण जोंधळा खाणाऱ्या ह्या मुलखाच्या दुकानांत आलें तें बहुधा गहूं-तांदूळच. असो; जें आलें त्यानें पुष्कळ घरें तगलीं, हें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. कोरोनाच्या सांथींत एप्रिल २०२० पासून आणखी ५ किलो फुकट मिळूं लागले, म्हणजे माणशीं १० किलो. मग जानेवारी २०२३ पासून जुने ५ किलो फुकट झाले आणि जादा ५ किलो बंद झाले. मथळे आले ते धान्य फुकट झाल्याचे. पांच माणसांच्या घरीं जानेवारींत काय झालें? दुकानांत द्यावे लागत ते साठ-एक रुपये वांचले, आणि २५ किलो धान्य कमी झालें. तें २५ किलो आतां बाजारांतून आणावयाचें. आणि बाजारांत गहूं तेव्हां इतका चढलेला होता कीं मे २०२२ पासून त्याची निर्यात बंद करावी लागली होती. भाव शून्यावर आला म्हणून भूक कमी झाली, असें ह्या हिशेबांत कोठेंही निघत नाहीं.

शिवाय ह्या कायद्याचीं माणसें किती, हें २०११ च्या शिरगणतीवरून बांधलेलें आहे. महाराष्ट्रासाठीं तो आंकडा ७ कोटि १६ हजार. त्यानंतर जन्मलेलें मूल, वेगळी झालेली सून, परत आलेली विधवा मुलगी ह्यांना नांव चढवावयाचें तर कोणाचें तरी नांव उतरावें लागतें.

आतां जो भाग केवळ आपल्याकडचा, तो पाहूं. कायद्याच्या यादींत न बसलेले, पण केशरी शिधापत्रिका असलेले जे शेतकरी, त्यांच्यासाठीं राज्य सरकारनें १५ ऑगस्ट २०१५ पासून एक निराळी सोय केली. शेतकऱ्यांच्या आत्महत्या जेथें जास्त त्या १४ जिल्ह्यांत, म्हणजे मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागाचे पांच आणि वर्धा, ह्या शेतकऱ्यांसही माणशीं ५ किलो धान्य गहूं २ रुपये व तांदूळ ३ रुपये दरानें मिळूं लागलें. लातूर-नांदेड त्यांतच आलें. तीं दुष्काळाचीं वर्षें होतीं. २०१६ च्या एप्रिलांत लातुरास मिरजेहून पाण्याची आगगाडी आणावी लागली, हें आपण विसरला नसाल. त्या काळांत ह्या धान्यानें जें काम केलें तें कोणत्याही कर्जमाफीहून कमी नव्हतें. परंतु २०२२ सालीं केंद्राकडून ह्या योजनेसाठीं येणारा गहूं व तांदूळ मिळेनासा झाला. आणि २८ फेब्रुवारी २०२३ च्या निर्णयानें सरकारनें धान्याऐवजीं माणशीं दरमहा १५० रुपये रोख देण्याचें ठरविलें. जून २०२४ मध्यें ते १७० केले.

रोख रक्कम वाईट, असें मी म्हणत नाहीं. तिचा एक मोठा गुण आहे: ज्याला जोंधळा हवा तो जोंधळा घेईल, त्याला तांदूळ गळ्यांत घालून घ्यावा लागणार नाहीं, दुकानदाराच्या मापाची कटकटही जाते. परंतु हिशेब करून पाहावा. पांच माणसांचें घर. पूर्वीं २५ किलो धान्य, समजा माणशीं तीन किलो गहूं व दोन किलो तांदूळ, ह्यासाठीं घर ६० रुपये भरी. आतां १७० प्रमाणें ८५० रुपये हातीं येतात. वांचलेले ६० त्यांत मिळवा, ९१०. पंचवीस किलोंनीं भागिलें तर किलोस ३६ रुपये ४० पैसे. बाजारांत धान्य ह्या दराच्या आंत मिळतें तोंवर ह्या घराचें कांहीं बिघडलें नाहीं; उलट थोडा फायदाच. भाव चाळीस झाला कीं पावणेतेवीस किलो येतें. पन्नास झाला कीं अठरा किलो. म्हणजे सात किलो धान्य, जवळजवळ सव्वा आठवड्याची भाकरी, कोणी हात न लावतां त्या घरांतून नाहींशी झाली. सरकारी वहींत ८५० रुपये बरोबर जमा आहेत, ओळीवर सही आहे, तक्रार कोठें नोंदवावयाची?

धान्य देणाऱ्यानें भाव चढण्याचें ओझें आपल्या डोक्यावर घेतलेलें असतें. रोख देणारा तें ओझें घेणाऱ्याच्या डोक्यावर ठेवतो. दोहोंतील सगळा फरक एवढ्यांतच आहे, आणि म्हणून मीं आरंभीं फॅमिन कोडचा उल्लेख केला. १८८० नंतरच्या सरकारनें रोख दिली तरी ती धान्याच्या भावाबरोबर वर-खालीं होत असे. आमचे १५० रुपये सुमारें सव्वा वर्ष १५० च राहिले. रक्कम भावाशीं बांधली असती, वर्षांतून निदान दोनदां, एकदां सुगीनंतर व एकदां मृगाच्या आधीं, लातूरच्या बाजारांतील गहूं-जोंधळ्याचा दर पाहून ती ठरविली असती, तर माझी ह्या पद्धतीवर फारशी हरकत राहिली नसती. हें मागणें समितीनें सरकारकडे करावें, अशी माझी सूचना आहे. तिला आपल्या सह्या लागतील.

आतां व्यापारी बंधूंना दोन शब्द. धान्य महागलें कीं साठेबाज म्हणून प्रथम बोट दाखविलें जातें तें आपल्याकडे. साठवण हा गुन्हा आहे असें मी मानीत नाहीं. सुगीचें धान्य आषाढापर्यंत कोणी तरी सांभाळून ठेवलेंच पाहिजे. पूर्वीं तें शेतकऱ्याच्या पेवांत राही, आतां आपल्या गोदामांत राहतें. साठा सरकारनें धाड घालून बाहेर काढला तर एक महिना भाव उतरेल आणि पुढचे तीन महिने गोदामें रिकामीं राहतील. १९४७ च्या डिसेंबरापासून नियंत्रणें उठविलीं तेव्हां भाव भडकले व दुसऱ्या वर्षीं तीं पुन्हां लावावीं लागलीं. १९७३ सालीं सरकारनें गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःकडे घेतला तेव्हां गहूं बाजारांतून दडला व वर्षभरांत तो निर्णय मागें घ्यावा लागला. सर्वच मोकळें सोडणें आणि सर्वच मुठींत धरणें, हे दोन्ही प्रयोग ह्या देशांत झाले आहेत आणि दोन्हींचा खर्च गरिबानें भरला आहे. परंतु साठवणुकीचा रास्त मोबदला आणि अडलेल्याकडून वसूल केलेला भाव ह्यांतला फरक सांगण्यास आपणांस माझी गरज नाहीं. तो आपण रोज आपल्या वहींत मांडतां.

बाजारावर ज्या गोष्टी सोडतां येत नाहींत त्यांची साक्ष १९७२ चा दुष्काळ देतो. त्या सालीं महाराष्ट्राचें धान्य भयंकर बुडालें. अमेरिकेंतून आलेली मिलो नांवाची तांबडी ज्वारी खाऊन लोकांनीं दिवस काढले, मुलांना सुकडी वांटली गेली. तिच्या चवीविषयीं आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनीं काय म्हटलें असेल तें येथें उच्चारण्याजोगें नाहीं. तरी माणसें मोठ्या प्रमाणावर उपासमारीनें मेलीं नाहींत. कारण केवळ मिलो नव्हे. गांवोगांव रस्त्याचीं, पाझरतलावांचीं, नालाबंडिंगचीं कामें निघालीं, आणि १९७३ च्या मे महिन्यांत सुमारें ५० लक्ष माणसें त्या कामांवर होतीं. हातीं मजुरी आली म्हणून दुकानांतलें धान्य पदरांत आलें. आणि दुकानांत धान्य होतें म्हणून मजुरीचा पैसा भावानें खाऊन टाकला नाहीं. श्री. वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेंतून निघालेली रोजगार हमी योजना त्याच काळांत रुजली व १९७७ सालीं तिचा कायदा झाला. काम आणि धान्य हीं दोन चाकें आहेत. एकच चाक दिलें तर गाडी गोल फिरते.

जमीनदार गृहस्थांना माझी विनंति निराळी आहे. आपल्यापैकीं बहुतेकांनीं जोंधळ्याचें रान सोयाबीनला दिलें, त्याबद्दल आपणांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. जोंधळ्याला हमीभाव जाहीर होतो, पण सरकारी खरेदी क्वचित् होते, मजूर मिळत नाहीं, पाखरें राखावीं लागतात. परंतु रब्बीला, जेथें ओल टिकते अशा काळ्या रानांत, आपण एकदोन एकर जोंधळा घरखर्चासाठीं धरतांच. त्यांत आणखी एक एकर वाढवा, आणि त्या एकराची काढणी पूर्वीप्रमाणें धान्यावर द्या. सालगड्याच्या बोलींत रोख वाढविण्याचा वाद पाडव्याला दरवर्षीं होतो. त्या वाढीचा भाग जोंधळ्याच्या पोत्यांनीं द्या. आपणांस तें सुगीच्या भावानें पडेल. त्याला तें आषाढाच्या भावाचें असेल. हा दानधर्म नव्हे, आणि तसा तो समजूंही नये. मजुरास दान नको आहे, त्याला त्याच्या कामाचें माप हवें आहे. कडबा आपल्याच गुरांस राहील, हें जातां जातां सांगतों.

समितीनें वर्गणी घ्यावी ती कशाची, हा आजचा कामाचा प्रश्न. आजवरची वहिवाट रोख जमवून संकट आलें कीं धान्य घेण्याची आहे. संकट येतें तेव्हां भाव चढलेला असतो. शंभर रुपयांच्या दानांतून तेव्हां निम्मेंच दान पोंचतें आणि आपल्याच खरेदीनें गांवचा भाव आणखी चढतो. माझी सूचना अशी. वर्गणी धान्यांत घ्यावी. रोख दिली तर माघ-फाल्गुनांत, नवा जोंधळा बाजारांत आला कीं, तिचा जोंधळा घ्यावा. व्यापारी मंडळींनीं गोदामाची जागा व धूर देण्याचा खर्च सोसावा, अडत व हमाली सोडावी. तें धान्य मृगापासून पोळ्यापर्यंत खरेदीच्या भावानें, वर फक्त पोत्याची किंमत धरून, विकावें. फुकट नको. फुकट दिलें तर एका वर्षांत भांडवल संपेल, आणि घेणाऱ्यासही मान खालीं घालावी लागेल. आलेल्या पैशांतून पुढच्या माघांत पुन्हां धान्य. १८९६-९७ च्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांत धर्मादाय निधींतून स्वस्त धान्याचीं दुकानें उघडलीं होतीं. ही कांहीं मी नवी युक्ति काढलेली नाहीं.

एक शंका येथें कोणी तरी काढील, म्हणून आधींच उत्तर देतों. बाजारांत जोंधळा पन्नास असतां समितीनें तो पस्तीसनें विकला, तर तोच जोंधळा मागच्या दारानें पुन्हां बाजारांत जाणार नाहीं काय? जाईल, जर पोत्यानें विकला तर. म्हणून माणशीं ५ किलोंहून अधिक एका महिन्यांत कोणास देऊं नये, दळण करून नेण्याइतकेंच द्यावें, आणि यादी गांवच्या बायकांच्या बचतगटांनीं करावी. कोणाच्या घरीं चूल दोनदां पेटते व कोणाच्या एकदां, हें त्यांना तलाठ्याहून चांगलें ठाऊक असतें. यादींत पहिलीं नांवें तीं घालावीं ज्यांची शिधापत्रिकेवर नांवें नाहींत: २०११ नंतरचीं मुलें, वेगळ्या झालेल्या सुना, ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागें राहिलेले म्हातारे. त्यांच्यामागून केशरी कार्डाचे लहान शेतकरी.

हिशेब दोन वह्यांत ठेवावा. एका वहींत रुपये, दुसरींत किलो. समितीच्या अहवालांत आजपर्यंत पहिलीच वही छापली जाते. दुसरीही छापावी, आणि तींत दर महिन्याच्या पहिल्या बाजाराचा जोंधळा, गहूं, तुरीची डाळ व तेल ह्यांचा भाव शेजारीं मांडावा. सरकारकडे जावयाच्या अर्जाला ही वही जोडतां येईल. मृगाला फार दिवस नसतात असें दरवर्षीं वाटतें. तेव्हां ज्यांना जागा द्यावयाची आहे त्यांनीं गोदामाचें नांव व किती पोतीं राहतील तें, आणि ज्यांना धान्य द्यावयाचें आहे त्यांनीं तें घरीं पोंचवून घ्यावयाचें कीं स्वतः आणून द्यावयाचें तें, आजच सभा उठण्यापूर्वीं चिटणिसांकडे लिहून द्यावें. ते दाराशीं वही घेऊन बसले आहेत.